मोटारसायकल घेताना : शोरूमचे हप्ते की क्रेडिट कार्ड?

मोटारसायकल ही आता खेड्यात चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटे दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोचविणे, तालुक्याहून औषधाची बाटली किंवा मोटारीचा स्टार्टर आणणे, रात्री वीज आली की विहिरीवर जाणे, अशी अनेक कामे तिच्यावर अवलंबून असतात. तेव्हा गाडी घ्यावी की न घ्यावी हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. गाडीचे पैसे कसे द्यावेत, एवढाच विषय आहे.

बियाणे घेताना आपण चार दुकाने फिरतो, बैल घेताना दात मोजतो. मात्र शोरूममध्ये गेल्यावर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : "महिन्याला हप्ता किती बसेल?" हा प्रश्न अपुरा आहे. दरमहा ३,६०० रुपये भरून एखाद्याचे कर्ज दोन वर्षांत फिटते, तर तेवढेच ३,६०० रुपये भरणाऱ्या दुसऱ्याचे दोन वर्षांनंतरही निम्म्याहून अधिक शिल्लक राहते. हे कसे घडते ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, गाडी रस्त्यावर येईपर्यंतची किंमत ९७,००० रुपये आहे. आपल्याजवळ रोख २५,००० रुपये आहेत. उरलेले ७२,००० रुपये दोन वर्षांत, म्हणजे २४ हप्त्यांत फेडावयाचे आहेत. पुढील सर्व हिशोब याच रकमेचा आहे. दर व आकार उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्याला सांगितलेले आकडे त्या जागी घालून हिशोब करावा.

दहा टक्क्यांचे अठरा टक्के

शोरूममध्येच टेबल मांडून बसलेल्या कर्ज कंपनीचा माणूस बहुधा सांगतो, "दहा टक्के व्याज, फ्लॅट." फ्लॅट म्हणजे सरळ दर. त्याचा हिशोब असा : ७२,००० रुपयांवर दहा टक्क्यांनी वर्षाचे व्याज ७,२००, दोन वर्षांचे १४,४००. एकूण ८६,४०० भागिले २४, हप्ता ३,६०० रुपये.

हिशोब बरोबर आहे, पण त्यात एक मेख आहे. आपण दर महिन्याला थोडे थोडे मुद्दल फेडत असतो. वर्षाअखेर जवळपास निम्मे मुद्दल परत गेलेले असते. तरीही दुसऱ्या वर्षाचे व्याज मूळ ७२,००० रुपयांवरच लागते. म्हणजे जे पैसे आपल्याजवळ राहिलेच नाहीत, त्यांचेही व्याज आपण भरतो. बँक किंवा सोसायटी ज्या पद्धतीने व्याज मोजते, म्हणजे जेवढी बाकी तेवढ्यावरच व्याज, त्या घटत्या शिलकेच्या पद्धतीने मोजले तर हेच दहा टक्के वर्षाला सुमारे अठरा टक्के होतात.

यासाठी एक सोपा ठोकताळा लक्षात ठेवावा. एक ते तीन वर्षांच्या मासिक हप्त्यांच्या कर्जात सरळ दराला १.८ ने गुणले की घटत्या शिलकेवरील दर साधारण कळतो. कोणी "फ्लॅट साडेआठ" म्हणाला तर मनात सुमारे सव्वापंधरा धरावे. बँकेचा माणूस "बारा टक्के, रिड्यूसिंग" म्हणाला तर ते बाराच. पुष्कळ शेतकऱ्यांना दहा हा आकडा बारापेक्षा लहान दिसतो आणि ते महाग कर्ज स्वस्त समजून घेतात.

एवढ्यावर भागत नाही. प्रक्रिया शुल्क, कागदपत्रांचा आकार, मुद्रांक अशा नावांनी रक्कम कापली जाते. असे २,५०० रुपये सुरुवातीलाच गेले तर आपल्या उपयोगात प्रत्यक्षात ६९,५०० रुपयेच आले. हप्ता मात्र ३,६०० रुपयांचाच राहतो. मग खरा दर बावीस टक्क्यांच्या जवळ जातो.

याउलट त्याच ७२,००० रुपयांचे दुचाकी कर्ज बँकेकडून घटत्या शिलकेवर १२ टक्क्यांनी मिळाले, तर हप्ता ३,३८९ रुपये बसतो व दोन वर्षांचे व्याज ९,३४३ रुपये होते. शोरूमच्या सरळ दहा टक्क्यांपेक्षा हे व्याज पाच हजार रुपयांनी कमी आहे. बँकेत दोन खेपा जास्त माराव्या लागतील, सात-बारा, आठ-अ, खात्याचा उतारा मागतील. पाच हजारांसाठी दोन खेपा माराव्यात असे आमचे मत आहे. कर्ज कंपनीकडून विक्रेत्याला बहुधा दलाली मिळत असते. त्यामुळे तो आपण होऊन आपल्याला बँकेत पाठविणार नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

क्रेडिट कार्डाचे हप्ते

क्रेडिट कार्ड आता गावातही आले आहे. कोणाचे स्वतःचे असते, कोणाच्या पुण्या-मुंबईला नोकरीस असलेल्या मुलाचे किंवा भावाचे असते. येथे एक खुलासा आवश्यक आहे. किसान क्रेडिट कार्ड आणि हे कार्ड यांचा नावापलीकडे काही संबंध नाही. किसान क्रेडिट कार्ड हे पीककर्जाचे खाते आहे. त्याच्या मर्यादेत काढणीनंतरच्या व घरगुती गरजांसाठी दहा टक्के रक्कम धरलेली असते हे खरे, परंतु ती गाडीत घातली तर खत-बियाण्याच्या वेळी हात आखडतो. परतफेडीची तारीख हुकली तर वेळेवर फेडणाऱ्यास मिळणारी व्याजसवलतही जाते. सबब त्या खात्याला हात लावू नये.

आता दुसऱ्या कार्डाकडे वळू. त्यावर गाडीचे पैसे तीन प्रकारे फिटू शकतात आणि तिन्हींचा खर्च अगदी निरनिराळा आहे.

पहिला प्रकार म्हणजे बिलाची पूर्ण रक्कम देय तारखेच्या आत भरणे. यात व्याज लागत नाही. कार्डाच्या बिलाच्या तारखेनंतर लगेच खरेदी केली तर साधारण दीड महिना मिळतो, बिल निघण्याच्या तोंडावर केली तर तीन आठवडेही मिळत नाहीत. मात्र मागील बिलाची काही बाकी राहिलेली असेल तर ही बिनव्याजी मुदत मुळीच मिळत नाही. तसेच बरेच विक्रेते कार्डाने पैसे घेताना दीड-दोन टक्के वर मागतात किंवा पूर्ण रक्कम कार्डावर घेतच नाहीत. ७२,००० वर दोन टक्के म्हणजे १,४४० रुपये. कार्डावर मिळणाऱ्या बक्षीस गुणांची किंमत एक टक्का धरली तरी ती ७२० रुपये होते. म्हणजे गुणांच्या लोभाने कार्ड वापरण्यात नुकसानच आहे. पैसे खात्यात असतील तर चेक किंवा बँकेतून थेट वर्ग करणे बरे.

काही बागायतदार म्हणतील, उसाचे बिल महिन्याभरात येणार आहे, तोवर कार्डावर घेऊ. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे गाळपासाठी ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत एफआरपीची रक्कम मिळावयास हवी. प्रत्यक्षात ती किती वेळा मिळते, हे ऊस उत्पादकाला आम्ही सांगावयास नको. जे पैसे खात्यात जमा झाले आहेत त्यांच्याच जोरावर कार्ड वापरावे.

दुसरा प्रकार म्हणजे कार्डावरील रकमेचे हप्ते पाडून घेणे. समजा, कार्ड देणारी बँक वर्षाला १६ टक्के दराने, घटत्या शिलकेवर, २४ हप्ते देते. हप्ता ३,५२५ रुपये बसतो. शोरूमच्या ३,६०० पेक्षा तो कमी दिसतो. पण कार्डावरील व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. साध्या कर्जाच्या व्याजावर हा कर नाही, कार्डाच्या व्याजावर मात्र आहे. हा फरक फार थोड्यांना माहीत असतो. त्यामुळे १६ टक्क्यांचा दर प्रत्यक्षात १८.८८ टक्के होतो. पहिल्या महिन्याचे व्याज ९६० रुपये, त्यावर कर १७३ रुपये, म्हणजे पहिला हप्ता ३,५२५ चा नसून ३,६९८ रुपयांचा भरावा लागतो.

दोन वर्षांत एकूण जादा किती जाते ते शेजारी शेजारी ठेवून पाहा.

तक्ता : ७२,००० रुपयांवर २४ महिन्यांत जाणारी जादा रक्कम
बँकेचे दुचाकी कर्ज, १२ टक्के घटत्या शिलकेवर : व्याज ९,३४३, आकार १,५०० धरून एकूण १०,८४३ रुपये
शोरूममधील कर्ज, सरळ १० टक्के : व्याज १४,४००, आकार २,५०० धरून एकूण १६,९०० रुपये
कार्डाचे हप्ते, १६ टक्के : व्याज १२,६०८, त्यावर जीएसटी २,२६९, एक टक्का प्रक्रिया शुल्क करासह ८५०, विक्रेत्याचा जादा आकार १,४४०, एकूण १७,१६७ रुपये

शोरूमचे कर्ज आणि कार्डाचे हप्ते यांत या उदाहरणात फारसा फरक राहत नाही. विक्रेत्याने वरचे दोन टक्के घेतले नाहीत तर कार्ड थोडे स्वस्त पडेल. कार्ड कंपनीने १८ टक्के दर लावला तर महाग पडेल. म्हणून "कार्ड चांगले की शोरूम चांगले" याचे एकच उत्तर देता येत नाही. आपापल्या कागदावरील आकडे घालून पाहावे लागतात.

कार्डाची एक जमेची बाजू जरूर सांगितली पाहिजे. त्यात गाडीवर बोजा चढत नाही. शोरूमच्या कर्जात आरसी पुस्तकावर कर्ज कंपनीची नोंद असते, हप्ते थकले तर कंपनी गाडी ताब्यात घेऊ शकते आणि कर्ज फिटेपर्यंत कंपनीच्या संमतीशिवाय गाडी विकता येत नाही. कार्डाने घेतलेली गाडी पहिल्या दिवसापासून निर्वेध आपल्या नावावर असते. दुसरी बाजू अशी की हप्त्यांची रक्कम फिटेपर्यंत कार्डाची तेवढी मर्यादा अडकून राहते. दवाखान्याचा खर्च अचानक उभा राहिला तर कार्ड उपयोगी पडत नाही.

किमान देय रक्कम : तिसरा प्रकार

कार्डाच्या बिलावर दोन आकडे छापलेले असतात, एकूण देय रक्कम व किमान देय रक्कम. किमान रक्कम बऱ्याचदा बाकीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते. ७२,००० चे पाच टक्के म्हणजे ३,६०० रुपये. हा आकडा ओळखीचा वाटेल. शोरूमचा हप्ताही तेवढाच होता. त्यामुळे अनेकांची समजूत होते की हाच हप्ता आहे आणि तो भरला की झाले.

तो हप्ता नव्हे. पूर्ण बिल न भरल्यास कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. महिन्याला, वर्षाला नव्हे. तेही देय तारखेपासून नाही, तर खरेदी केली त्या दिवसापासून. साडेतीन टक्क्यांवर जीएसटी धरला की महिन्याचे ४.१३ टक्के झाले. ७२,००० वर एका महिन्याचे २,९७४ रुपये. आपण भरलेल्या ३,६०० मधून मुद्दलात केवळ ६२६ रुपये गेले.

दर महिन्याला न चुकता ३,६०० रुपये भरत राहिलो तरी २४ महिन्यांनंतर सुमारे ४७,००० रुपये बाकी राहतात. शोरूमचे कर्ज घेणारा शेजारी तोवर मोकळा झालेला असतो. आपले कर्ज फिटावयास ४३ महिन्यांहून थोडा अधिक काळ लागतो आणि एकूण भरणा सुमारे १ लाख ५५ हजारांवर जातो. यात नवी खरेदी एक रुपयाचीही केलेली नाही असे धरले आहे. प्रत्यक्षात किमान रक्कमही बाकीबरोबर कमी कमी होत जाते. आपण फक्त तेवढीच भरत गेलो तर याहूनही कितीतरी जास्त वर्षे लागतात. गावच्या सावकाराचा महिन्याला तीन टक्क्यांचा दर आपण जुलमी मानतो. त्याहून मोठा दर गुळगुळीत कागदावर छापून आला की तो आपल्याला जुलमी वाटत नाही.

ज्यांचे हे असे आधीच झालेले असेल त्यांनी कार्ड देणाऱ्या बँकेला फोन करून उरलेल्या रकमेचे हप्ते पाडून मागावेत, अथवा सोनेतारण किंवा अन्य स्वस्त कर्ज काढून कार्डाची बाकी एकरकमी मिटवावी.

नातेवाइकाच्या कार्डाविषयी चार शब्द. कर्ज त्याच्या नावावर असते. सोयाबीनचा भाव पडला, आपण दोन महिने पैसे पाठविले नाहीत, तर वसुलीचे फोन त्याला जातात व सिबिलचा दाखला त्याचा खराब होतो. पुढे घरकर्ज अडते तेही त्याचेच. भावाभावांत यावरून अबोला धरल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. घ्यावयाचेच असेल तर रक्कम, तारखा व कर धरून येणारा हप्ता कागदावर लिहून दोघांनी जवळ ठेवावा.

हंगाम आणि हप्ता

नोकरदाराचा पगार दरमहा येतो म्हणून त्याला मासिक हप्ता जमतो. दूध किंवा भाजीपाला असणाऱ्यांनाही तो जमण्यासारखा आहे. त्यांनी हप्त्याची तारीख दुधाच्या बिलानंतर दोन-तीन दिवसांची मागून घ्यावी. पण केवळ कोरडवाहू कापूस किंवा सोयाबीनवर अवलंबून असणाऱ्याच्या हाती पैसा येतो दिवाळीच्या मागे-पुढे आणि हप्ता मात्र जूनमध्येही दारात उभा असतो. पेरणी, खत आणि मुलांच्या शाळेच्या वह्या-पुस्तकांचा तो महिना. खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला तर कर्ज कंपनी आकार लावते आणि आपली बँकही लावते.

यावर दोन उपाय आहेत. माल विकल्याबरोबर पुढील सहा हप्त्यांचे, म्हणजे आपल्या उदाहरणात २१,६०० रुपये, ज्या खात्यातून हप्ता कापला जातो त्यात वेगळे ठेवावेत व त्या खात्याचे एटीएम कार्ड घरातील काटकसरी माणसाकडे द्यावे. (ते कोण, हे प्रत्येक घराला माहीत असते.) दुसरा उपाय, गाडी एक हंगाम पुढे ढकलून सुरुवातीची रोख रक्कम वाढवावी. सरळ दहा टक्क्यांच्या कर्जात १०,००० रुपये जास्त रोख भरले की हप्ता ५०० रुपयांनी उतरतो व दोन वर्षांत व्याजाचे २,००० रुपये वाचतात.

सही करण्यापूर्वी

प्रथम गाडीची किंमत फोडून मागावी : एक्स-शोरूम किंमत, आरटीओचा कर व नोंदणी, विमा, उपसाधने. ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुना दरपत्रक दाखवीत असतील तर हटकावे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे, मात्र तो शोरूमनेच सुचविलेल्या कंपनीचा घेण्याची सक्ती नाही. क्रॅश गार्ड, सीट कव्हर, पॉलिश यांचे पैसे कर्जात मिसळले तर त्यांवरही दोन वर्षे व्याज जाते.

"शून्य टक्के व्याज" अशी पाटी दिसली तर रोखीने घेतल्यास किंमत किती कमी कराल, हे आधी विचारावे. रोखीत ४,००० सूट मिळत असेल व शून्य टक्क्यांत ती नसेल, तर ते ४,००० हेच व्याज. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच कार्डावरील शून्य टक्के योजनांविषयी बँकांना कानपिचक्या दिल्या होत्या. प्रक्रिया शुल्काच्या आड व्याज लपविले जाते, असे तिचे म्हणणे होते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जासाठी बँक किंवा कर्ज कंपनीने कर्जदाराला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणजे मुख्य अटींचे पत्रक देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावयाचे असते, म्हणजे आपण ते मराठीत मागू शकता. त्यात 'एपीआर' नावाचा एक आकडा असतो. व्याज व सर्व आकार धरून वर्षाचा खरा दर किती, तो हा आकडा. फ्लॅट, रिड्यूसिंग, शुल्क, हे सगळे गणित त्यात एकदाच आलेले असते. दोन ठिकाणचे एपीआर शेजारी ठेवले की स्वस्त कर्ज कोणते ते आपोआप कळते. पत्रकात न दाखविलेला कोणताही आकार आपल्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

सात दिवस किंवा अधिक मुदतीच्या कर्जात हे पत्रक दिल्यानंतर किमान तीन कामाचे दिवस त्यातील अटी कायम ठेवाव्या लागतात. म्हणजे पत्रक घरी नेऊन, शिकलेल्या मुलीला किंवा गावातील शिक्षकाला दाखवून, मग सही करण्याचा आपला हक्क आहे. दसरा-पाडव्याला शोरूममध्ये जत्रा भरलेली असते. त्या गर्दीत कोणी कागद वाचू देत नाही. यासाठी मुहूर्ताच्या आठवडाभर आधी जाऊन पत्रक आणावे व मुहूर्तावर फक्त गाडी आणावी.

कार्डावरील रकमेला हा नियम लागू नाही. तेथे दर, शुल्क व कर स्वतः विचारून लिहून घ्यावे लागतात. सहकारी पतसंस्थाही रिझर्व्ह बँकेच्या या पत्रकाच्या कक्षेत येत नाहीत. तेथे सचिवांकडून व्याज सरळ आहे की घटत्या शिलकेवर, हे लेखी घ्यावे.

मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास किती आकार लागतो, हेही त्याच वेळी पाहावे. पीक चांगले आले की पुष्कळ जण कर्ज एकदम मिटवावयास जातात आणि तेथे या आकारावरून वाद होतो.

शेवटचा हप्ता भरल्यावर कर्ज कंपनीकडून ना-हरकत दाखला व सही-शिक्क्यासह फॉर्म ३५ घ्यावा, तो आरटीओत देऊन आरसीवरील बोजा उतरवावा आणि विमा पॉलिसीवरूनही कंपनीचे नाव काढून घ्यावे. हे काम राहून गेले तर पाच-सात वर्षांनी गाडी विकताना जुन्या कंपनीचे कार्यालय शोधत फिरावे लागते.